अडवा, पण पाटी लावा

गेल्या रविवारी अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशक स्नेह्यांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आम्ही नऊ जण बसलो होतो. बहुतेक लहान प्रकाशक, दोन अनुवादक, एक कोशवाले काका आणि मी. विषय पायरसी. सरकारला द्यायचं निवेदन टाइप होऊन आलं होतं, खाली सह्यांसाठी रेघा मारलेल्या. मी वाचत गेले, मान डोलावत गेले, पेनाचं टोपण काढलं आणि सातव्या परिच्छेदाशी अडकले. ‘पायरेटेड मजकूर आढळणाऱ्या वेबसाइट्स व चॅनल कोणत्याही पूर्वसूचनेविना संपूर्णपणे बंद करण्यात यावेत.’

म्हटलं, यातले दोन शब्द काढा, आत्ता सही करते. ‘पूर्वसूचनेविना’ आणि ‘संपूर्णपणे’.

“अहो ताई, तुमचंच पुस्तक चोरीला गेलंय ना? मग ही चोराची वकिली कशाला?” स्नेही म्हणाले. कोशवाले काका हसले. तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला. मला भांडणातली उत्तरं नेहमी घरी आल्यावर, कुकर लावताना सुचतात. म्हणून आज इथे लांबण लावते आहे.

आधी चोरीबद्दल. स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी मी मराठी व्याकरणाची एक सरावपुस्तिका लिहिली आहे. किंमत २२० रुपये, हजार प्रतींची आवृत्ती. तीन वर्षं त्यात गेली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये ती बऱ्यापैकी चालली आणि मग एकदम थांबली. कारण कळायला महिना लागला. एका मेसेजिंग अॅपवरच्या चॅनलवर पूर्ण पुस्तकाची पीडीएफ पडली होती. उघडून बघते तर पहिल्या पानावर माझंच अक्षर! ‘सप्रेम भेट’, खाली माझी सही. ज्याला प्रत दिली त्याच्या नावावर तेवढी काळी पट्टी ओढलेली. स्वतःचं नाव लपवायचं भान होतं गृहस्थाला.

संताप संताप झाला. त्यात आठ दिवसांनी एका मुलाचा मेसेज. नांदेडकडचा, राज्यसेवेची तयारी करणारा. “मॅडम, पुस्तक भारी आहे, पण पीडीएफमध्ये पान ६१ नाहीये. पाठवता का?” पाठवलं. रागारागातच पाठवलं, पण पाठवलं. समासाचं पान होतं, त्याशिवाय पुढचं कळलं नसतं त्याला.

तर पायरसीने काही बिघडत नाही, माहिती मुक्तच असायला हवी, असलं मला कुणी ऐकवू नका. माझ्या दुसऱ्या आवृत्तीचे पैसे त्या पीडीएफने खाल्ले.

मी तक्रारही केली. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर लेखी तक्रार आली की असा मजकूर साठवणाऱ्या मध्यस्थाने, म्हणजे साइट किंवा अॅप चालवणाऱ्या कंपनीने, ३६ तासांत तो थांबवायचा असतो. पुढे २१ दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही, तर त्याला तो पुन्हा सुरू करता येतो. २२० रुपयांच्या पुस्तकासाठी २१ दिवसांत कोर्टाचा आदेश! दुवा काही दिवसांनी गेला आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या नावाच्या चॅनलवर तीच पीडीएफ, तीच काळी पट्टी. त्यामुळे “सध्याचा कायदा आमच्या कामाचा नाही” ही स्नेह्यांची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. भांडण फक्त त्या दोन शब्दांशी आहे.

आता ‘संपूर्णपणे’ घ्या.

ऑगस्ट २०१७. दामल्यांचं, म्हणजे मोरो केशव दामल्यांचं, १९११ सालचं शास्त्रीय व्याकरण मी इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर चाळत होते. माझ्याकडची प्रत इतकी जीर्ण की पान उलटताना जीव वरखाली होतो, म्हणून स्कॅन. एका सकाळी साइट उघडेना. राउटर बंद करून चालू केला, इंटरनेटवाल्याला फोन केला, त्याने “मॅडम, तुमच्याकडे लाइट गेले होते का?” असं विचारलं. दोन दिवसांनी पेपरात कारण वाचलं. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून आदेश मिळवले होते. त्यांनी दिलेल्या यादीत २,६०० हून जास्त साइट्स होत्या आणि त्यांत हा अख्खा ग्रंथसंग्रहही होता. दामले वारले १९१३ साली. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे कुणाचाही हक्क न उरलेलं मराठी व्याकरण, हिंदी सिनेमांच्या चोरीपायी, पुण्यात बंद! संग्रह चालवणाऱ्यांनाही आधी कुणी कळवलं नव्हतं. आपण भारतात का दिसत नाही, हे तेच विचारत फिरत होते.

ही काही पहिली वेळ नव्हती. २०१२ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाच्या एका आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी व्हिमिओ, डेलीमोशन अशा व्हिडिओच्या साइट्स सरसकट बंद केल्या. तिथे आपले लघुपट ठेवणाऱ्या मुलांनी काय कुणाचं घोडं मारलं होतं? जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावं लागलं की बंदी चोरीच्या नेमक्या दुव्यापुरतीच आहे. असे आदेश अज्ञात आरोपीवर निघतात. परदेशात त्याला ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्याकडच्या कज्ज्यांत त्याचं नाव ‘अशोक कुमार’. बिचारा अशोक कुमार सापडत नाही तो नाहीच, भुर्दंड मात्र सगळ्या आळीला.

आणि दुसरा शब्द, ‘पूर्वसूचनेविना’. इथे मला जास्त बोलायचं आहे.

आपण पुणेकर पाट्यांबद्दल बदनाम आहोत. ‘दारासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.’ ‘बेल एकदाच वाजवावी, घरात माणसं राहतात.’ ‘चौकशी दुसऱ्या मजल्यावर, चारनंतर.’ बाहेरच्यांना त्यात नुसता तिरसटपणा दिसतो. पण काय करायचं नाही, केलं तर काय होईल आणि भांडायचंच असेल तर कोणत्या मजल्यावर किती वाजता यायचं, एवढं सगळं त्या फूटभर पत्र्यावर लिहिलेलं असतं.

आता २०१७ मध्ये मला दिसलेली पाटी आठवते. तिचा अर्थ एवढाच होता की दूरसंचार विभागाच्या निर्देशांवरून हा पत्ता बंद केला आहे, अधिक माहितीसाठी व्यवस्थापकाशी संपर्क साधा. कोण व्यवस्थापक? कुठला मजला? कुणाची तक्रार, कोणतं कोर्ट, दावा क्रमांक काय, काही नाही.

नीट पाटी लावणं अवघड असतं का? मुळीच नाही. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात ते झालेलं आहे. जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निर्मात्यांनी साइट्स बंद करण्याचा आदेश मागितला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट बंदीला नकार दिला. पडताळलेल्या दुव्यांची यादी आणायला लावली, तेवढेच दुवे अडवले, आणि बंद पानावर कायद्याची कलमं, दाव्याचा क्रमांक आणि तक्रारीसाठी संपर्क दिसला पाहिजे असं सांगितलं. चोरीला नाही म्हणणारा आणि तरी कुलपावर नाव लिहायला लावणारा तो आदेश मला फार आवडतो. पोटमाळ्यावर मी हे सांगायला गेले तर काका म्हणाले, “पटेलसाहेब निवृत्त झाले.” झाले हो, पण आदेश तर निवृत्त होत नाही ना.

त्या पाटीचा पुढे घोळही झाला, तोही सांगते. ऑगस्टमध्ये लोकांना असा संदेश दिसू लागला की असा मजकूर नुसता पाहिला तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. देशभर घबराट. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी नातवाचा लॅपटॉप चक्क कपाटात कुलूपबंद केला होता. मग न्यायमूर्ती पटेल यांनाच सांगावं लागलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं हा गुन्हा. पाटी चुकली, पण लावलेली होती म्हणून चूक दिसली आणि दुरुस्त झाली.

त्यानंतर वारं उलटं फिरलं. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘डायनॅमिक’ मनाई हुकूम दिला. चोरट्या साइटने नाव बदललं की नवा पत्ता जुन्याच आदेशात घालायचा, दर वेळी नवा दावा नको. माझ्या काळ्या पट्टीवाल्याचा अनुभव असल्यामुळे यातली गरज मला कळते. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने पुढची पायरी गाठली, अजून न बनलेल्या कलाकृतींनाही आधीच संरक्षण. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. चित्रपटाच्या चोरीला किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड तीन लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. नोव्हेंबरमध्ये सरकारने नोडल अधिकारी नेमले. त्यांच्याकडे तक्रार करायची, त्यांचा निर्देश निघाला की ४८ तासांत दुवा काढायचा. न्यायाधीशाची खुर्ची लागतच नाही.

माझ्या स्नेह्यांना अगदी हेच पुस्तकांसाठी हवं आहे. मोह मलाही झाला. पण आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार जे अडवतं, त्याबद्दलच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम वाचा. तक्रार कुणाची, कारवाई काय, सगळं गोपनीय. एकदा अधिकाऱ्याच्या हाती किल्ली दिली की तो ती पीडीएफच्याच कपाटाला लावेल, ही हमी कोण देणार? २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. ती ज्याखाली झाली ते आयटी कायद्याचं ६६अ कलम करताना कुणी म्हटलं होतं का की ते यासाठी वापरू? सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं २०१५ च्या मार्चमध्ये. मधली सव्वादोन वर्षं ते कायद्यात होतंच.

अमेरिकेत २०११ मध्ये पायरसीविरोधात सोपा नावाचं असंच विधेयक आलं होतं, तेव्हा २०१२ च्या जानेवारीत निषेध म्हणून इंग्रजी विकिपीडिया एक दिवस काळा झाला आणि दोन दिवसांत विधेयक बासनात गेलं. आपल्याकडे असं एक मोठं विधेयक येतच नाही. एक आदेश इथे, एक नियम तिथे. निषेध करायचा तरी कुठल्या तारखेला?

मग मागायचं काय? मला माणूस हवा आहे, साइट नको. ऑगस्ट २०२२ मध्ये एका कोचिंगच्या शिक्षिकेच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांचे फोन नंबर, ईमेल, आयपी पत्ते सीलबंद लिफाफ्यात द्यायला लावले. सर्व्हर सिंगापुरात आहेत ही सबब चालली नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे दावा मला मी राहते तिथेच, म्हणजे शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. फक्त वकिलाची फी आणि तारखा परवडत नाहीत. तर निवेदनात लिहा ना, लहान लेखक-प्रकाशकांसाठी कमी खर्चाची, ठरलेल्या मुदतीची सोय करा. दुवा अडवा, चोराचं नाव शोधून काढा, आणि बंद पानावर कोर्ट, क्रमांक, तक्रारदार आणि दाद कुठे मागायची ते छापा. मराठीतही छापा.

हे सगळं मी सोमवारी सकाळी फोनवर सांगितलं. स्नेही शांतपणे ऐकत होते, मग म्हणाले, “ताई, बरोबर आहे तुमचं, पण एवढं लांब निवेदन मंत्रालयात कोण वाचणार?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘संपूर्णपणे’ त्यांनी काढलं. ‘पूर्वसूचनेविना’ राहिलं. गुरुवारी निवेदन गेलं, आठ सह्यांचं.

मी मध्यंतरी पुस्तिकेचं ई-बुक ६० रुपयांना काढलं. आतापर्यंत एकशे चाळीस प्रती गेल्या. त्यातली एक नांदेडच्या त्या मुलाची आहे. त्याने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, “मॅडम, यात पान ६१ आहे ना?”

एक मदत हवी आहे. तुमच्याकडे एखादी साइट अडवलेली दिसली, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट, तारीख आणि इंटरनेट कुणाचं एवढं मला पाठवा. साइट कसली ते नाही सांगितलंत तरी चालेल. वही घातली आहे, नोंदी लिहिते आहे.