पाव मैलाच्या शेवटी कोण पुढे असतं?

एक मजकूर सध्या फार फिरतोय. त्याचा सारांश असा: "इलेक्ट्रिक एसयूव्ही फक्त सुटताना वेगवान. अडीच टनांचं धूड आणि एकच गिअर; ताशी शंभर ओलांडले की दम संपतो आणि ड्रॅग स्ट्रिपवर दमदार पेट्रोल एसयूव्ही तिला शेवटी गाठतेच. एक धाव झाली की बॅटरी तापून बसते. कंपन्यांचे सेकंद रोलआउट वजा करून दाखवलेले, आणि शर्यतींचे व्हिडिओ खोटे."

यातला प्रत्येक मुद्दा कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवरून उचललेला आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. पण ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे उभ्या गाड्यांची सरळ रेषेत शर्यत लावायचा आखूड पट्टा, ही मोजमापाची जागा आहे. तिथे प्रत्येक धावेनंतर टाइम स्लिप, म्हणजे वेळेची छापील चिठ्ठी, हातात पडते आणि तिच्यावर पहिल्या 60 फुटांची, मैलाच्या आठव्या हिस्स्याची आणि पाव मैलाची, म्हणजे सुमारे 402 मीटरची, वेळ वेगवेगळी छापलेली असते. कोण कुठे पुढे होतं हे तिथे दिसतं. त्यामुळे या मजकुराला उत्तर द्यायचं तर आकड्यांनीच द्यायला हवं.

आधी रोलआउट, कारण हा आरोप अर्धा खरा आहे. स्ट्रिपवरचं घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक प्रकाशाच्या किरणात उभं असतं, आणि ते किरणातून बाहेर पडलं की वेळ मोजायला लागते. तोवर गाडी साधारण एक फूट पुढे सरकलेली असते; हेच रोलआउट. जी गाडी 1.1 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 1.1 पट) इतक्या प्रवेगाने सुटते तिला हा एक फूट कापायला जेमतेम पाव सेकंद लागतो, पण तेवढ्यात तिने ताशी 9 किलोमीटरचा वेग घेतलेला असतो. टेस्ला मॉडेल एक्स प्लॅडचा 0 ते 60 मैलांचा 2.5 सेकंद हा आकडा असा रोलआउट वजा करून दिलेला आहे, आणि कंपनी तसं स्वतः नमूद करते. म्हणजे उभ्या जागेवरून खरा आकडा पावणेतीनच्या घरात जाईल. हे सांगायलाच हवं. पण अमेरिकेतली बहुतेक मोटार मासिकं पेट्रोल गाड्याही याच पट्टीने मोजतात. आणि पाव मैलाच्या वेळेत तर हा वादच उरत नाही, कारण शेजारच्या लेनमधल्या पेट्रोल गाडीलाही तोच किरण आणि तोच एक फूट मिळालेला असतो. चूक होते ती रोलआउट धरलेला एक आकडा आणि न धरलेला दुसरा शेजारी ठेवून निकाल लावण्यात.

आता वजन. "एवढं धूड पळणार कसं?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण सुटताना अडसर असतो टायरच्या पकडीचा. चारही चाकांना ताकद मिळत असेल तर रस्त्यावर जितकं वजन दाबतं त्या प्रमाणात पकडही वाढते, आणि गणितात वजन दोन्ही बाजूंनी कटतं. (अगदी पूर्ण कटत नाही, भार वाढला की टायरची पकड त्याच प्रमाणात वाढत नाही, थोडी मागे राहते.) 0 ते 100 अडीच सेकंदांत म्हणजे सरासरी 1.13 जी. यासाठी चांगले टायर लागतात आणि चिकट रसायन फवारून, रबर बसवून तयार केलेली स्ट्रिप मिळाली तर फार उपयोग होतो. इथे इलेक्ट्रिक गाडीचा खरा फायदा दिसतो. "मोटरला टॉर्क लगेच मिळतो" हे सगळे सांगतात, पण तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, काही हजारांश सेकंदांत कमीजास्त करता येतो ही त्याहून मोठी गोष्ट आहे. चाक घसरायला लागायच्या आत टॉर्क आवरला जातो आणि टायर पकडीच्या काठावर राहतो. पेट्रोल इंजिनात हेच काम ठिणगीची वेळ मागे नेऊन किंवा ब्रेक लावून करावं लागतं.

पकडीची मर्यादा संपल्यावर मात्र वजन बोलतं. ड्रॅग रेसिंगमध्ये एक जुना ठोकताळा आहे: पाव मैलाची वेळ ही वजन भागिले शक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात जाते. वजन 20 टक्क्यांनी वाढलं तर वेळ सुमारे 6 टक्क्यांनी वाढते. बारा सेकंदांची गाडी पावणेतेरावर जाते. तोटा आहे, पण शक्तीही 20 टक्क्यांनी वाढवली की तो पूर्ण भरून निघतो. बॅटरीमुळे वाढलेलं वजन या गाड्या असंच फेडतात.

मजकुराचा गाभा पुढच्या मुद्द्यात आहे: ताशी शंभरनंतर दम संपतो. मॉडेल एक्स प्लॅडची शक्ती 1,020 अश्वशक्ती, म्हणजे 760 किलोवॉट. चालकासह वजन अडीच टनांच्या किंचित वर धरू. 1.1 जी या प्रवेगाला ही शक्ती कोणत्या वेगापर्यंत पुरेल? भागाकार करून पाहा, उत्तर ताशी शंभरच्या आसपास येतं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शंभरच्या आधी मोटरांना टायरसाठी आवरून धरलेलं असतं. पूर्ण शक्ती रस्त्यावर उतरवायची मोकळीक त्यांना शंभरच्या पुढेच मिळते. मजकूर ज्या खुणेवर दम संपला म्हणतो, त्याच खुणेवर ही गाडी पहिल्यांदा पूर्ण जोर लावते. त्यानंतर प्रवेग घटतो, कारण शक्ती तीच आणि वेग वाढत जातो. पण हे पेट्रोल गाडीलाही तितकंच लागू आहे.

मोटरची स्वतःची एक मर्यादा आहे, ती लपवायचं कारण नाही. फिरण्याचा वेग वाढला की मोटरमध्ये उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं. एका वेगानंतर चुंबकक्षेत्र मुद्दाम कमकुवत करून शक्ती टिकवावी लागते आणि फार वेगात तीही उतरते. साध्या मोटरमध्ये हा उतार लवकर येतो. म्हणूनच पोर्शेने टायकानच्या मागच्या आसावर दोन गिअर दिले, आणि टेस्लाने प्लॅडच्या मोटरांत रोटरभोवती (मोटरच्या फिरणाऱ्या भागाभोवती) कार्बन फायबरचं आवरण घातलं, म्हणजे तो जास्त वेगात फिरला तरी शाबूत राहतो.

आता शंभरच्या पुढचे आकडे, दोन्ही कंपन्यांनी स्वतः दिलेले. पोर्शे कायेन इलेक्ट्रिक टर्बो: 0 ते 100 अडीच सेकंदांत, 0 ते 200 साडेसात सेकंदांच्या आत, 7.4 मध्ये. 650 अश्वशक्तीची लॅम्बोर्गिनी उरुस: 3.6 आणि 12.8. फक्त शंभर ते दोनशेचा टप्पा काढा. इलेक्ट्रिक 4.9 सेकंद, पेट्रोल 9.2 सेकंद. मजकूर खरा असता तर या टप्प्यात उरुसने अंतर कमी करायला हवं होतं. उलट शंभरपर्यंत जेमतेम 1.1 सेकंदाची असलेली दरी दोनशेपर्यंत 5.4 सेकंदांची झाली. कायेनकडे लाँचच्या वेळी 850 किलोवॉट असतात, त्यामुळे ही बरोबरीची जोडी नाही असं कुणी म्हणेल. मान्य आहे. पण मग मुद्दा शक्ती आणि वजनाच्या गुणोत्तराचा झाला. "इलेक्ट्रिक म्हणून दम संपतो" हे विधान तिथेच गळून पडतं.

पाव मैलाचंही तसंच. जीप ग्रँड चेरोकी ट्रॅकहॉक ही 707 अश्वशक्तीची पेट्रोल एसयूव्ही. जीपचा दावा 11.6 सेकंदांचा, शेवटी ताशी 116 मैल म्हणजे 187 किलोमीटरचा वेग. सुपरचार्ज केलेल्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या) एवढ्या मोठ्या गाडीसाठी ही कामगिरी जबरदस्त आहे आणि तिच्या चाहत्यांचं प्रेम मला मनापासून समजतं. मॉडेल एक्स प्लॅडचा कंपनीचा दावा 9.9 सेकंदांचा. 1.7 सेकंदांचा फरक त्या वेगात मीटरमध्ये मोजला तर प्लॅड रेषा ओलांडते तेव्हा ट्रॅकहॉक सुमारे 85 मीटर मागे असते.

मग "शेवटी गाठते" ही समजूत आली कुठून? प्रत्यक्ष दिसलेल्या गोष्टीतून. किआने 2021 मध्ये ईव्ही6 जीटीची ओळख करून देताना 400 मीटरची शर्यत दाखवली होती. त्यात तिने उरुसला, फेरारी कॅलिफोर्निया टीला आणि पोर्शे 911 टार्गाला मागे टाकलं, पण शेवटच्या मीटरांत मॅक्लारेन 570एसने तिला गाठून ओलांडलं. दोघींची शक्ती जवळपास सारखी, पण मॅक्लारेन कितीतरी हलकी. म्हणजे गाठणं घडतं, आणि ज्या इलेक्ट्रिक गाडीची शक्ती वजनाच्या मानाने बेताची आहे तिच्या बाबतीत हमखास घडतं. टाइम स्लिपवर ते ओळखता येतं: 60 फुटांची वेळ फार चांगली आणि शेवटचा वेग त्या मानाने कमी. एका वर्गाच्या गाड्यांचा हा स्वभाव सगळ्या इलेक्ट्रिक एसयूव्हींवर चिकटवणं चूक आहे.

बॅटरी तापण्याचा हिशोब कुणीही घरी करू शकतो. अडीच टनांची गाडी ताशी 225 ला नेण्यासाठी लागणारी गतिज ऊर्जा 1.36 युनिट. हवेचा रोध आणि इतर हानी धरून एका धावेला दीड ते दोन युनिट. बॅटरी शंभर युनिटच्या आसपासची. आता उष्णता: 800 किलोवॉट दहा सेकंद घेतले आणि त्यातले अगदी दहा टक्के बॅटरीतच उष्णता होऊन राहिले असं धरलं, तरी पाचशे किलोच्या बॅटरीचं तापमान सुमारे दीड अंशाने वाढेल. एका धावेने ती तापून बसत नाही. स्ट्रिपवर तर उलट गरज असते. थंड बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, म्हणून प्लॅडच्या ड्रॅग स्ट्रिप मोडमध्ये धावेआधी बॅटरी मुद्दाम गरम करतात. ह्युंदाई आयोनिक 5 एनमध्ये तर ड्रॅगसाठी वेगळी आणि ट्रॅकसाठी वेगळी तयारी आहे. ड्रॅगसाठी बॅटरी जास्त गरम ठेवतात, ट्रॅकसाठी थंड. तापण्याची तक्रार आली ती सर्किटवरून, जिथे मिनिटामागून मिनिट जोर काढावा लागतो, आणि तिथे ती रास्त आहे. दहा सेकंदांच्या शर्यतीला ती लावता येत नाही. उष्णतेने पेट्रोल गाडीही थकते. सुपरचार्जरच्या इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला) धावांच्या मधे थंड व्हायला वेळ द्यावा लागतो.

व्हिडिओंबद्दल एक गोष्ट कबूल करतो. नोव्हेंबर 2023 मध्ये टेस्लाने सायबरट्रक मागे पोर्शे 911 ओढत दुसऱ्या 911 ला हरवतो असं दाखवलं आणि ती शर्यत पाव मैलाची म्हणून सांगितली. प्रत्यक्षात ती मैलाच्या आठव्या हिस्स्याची होती. हा ट्रक एसयूव्ही नाही, पण संताप योग्यच होता, कारण शेवटचे दोनशे मीटर कापून टाकले की नेमका तोच प्रश्न झाकला जातो ज्याच्यावर हा सगळा वाद आहे.

आणि एका गोष्टीचा मजकुरात उल्लेखच नाही, जी पेट्रोलवाल्यांच्या बाजूने सर्वात भक्कम ठरली असती. बॅटरीचा चार्ज उतरला की तिचं व्होल्टेज उतरतं आणि शक्तीही कमी होते. टाकी अर्धी झाली म्हणून पेट्रोल इंजिन मंदावत नाही, उलट गाडी हलकी होते. सकाळी 95 टक्क्यांवर मारलेली धाव आणि दुपारी 40 टक्क्यांवर मारलेली धाव एकाच इलेक्ट्रिक गाडीच्या असूनही दोन वेगळ्या गाड्यांच्या वाटाव्यात इतक्या वेगळ्या असू शकतात. म्हणून यापुढे कुणी टाइम स्लिपचा फोटो पाठवला, मग तो जिंकल्याचा असो वा हरल्याचा, तर त्याच्याखाली चार्ज किती टक्के होता आणि धाव कितवी होती एवढं नक्की विचारा.