बग शून्य झाल्याशिवाय आरसी काढू नये म्हणे! नाही पटत, का ते सांगतो

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे शेअर होतेय. म्हणणं थोडक्यात असं की ओपन सोर्सवाले (ज्यांच्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असतो ते) बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची, यादी रिकामी नसतानाच रिलीज कॅन्डिडेट म्हणजे आरसी (फायनलच्या आधी तपासायला दिलेलं, जवळजवळ तयार व्हर्जन) काढतात, तारीख आली म्हणून काढतात, मग आरसी २, आरसी ३ काढावे लागतात म्हणजे पहिला फसलेलाच असतो, आणि टेस्टिंगचं काम फुकटात युजरच्या गळ्यात मारतात.

पहिलं, बग शून्य. अहो, चालत्या प्रोजेक्टला असा दिवस कधी उगवतच नाही, जितके जास्त लोक वापरणार तितके जास्त बग कळणार. आरसी काढताना बघायचं एवढंच की हातात आहे तेच बिल्ड (तयार झालेलं सॉफ्टवेअर) उद्या जसंच्या तसं फायनल म्हणून द्यायचं ठरलं तर आपल्याला माहीत असलेलं काही आडवं येतंय का. डेटा उडतोय, मागच्या व्हर्जनमध्ये नीट चालणारं काही मोडलंय, अपग्रेड अर्ध्यात अडकतंय, असलं काही असेल तर थांबायचं, पण सेटिंगमधलं एखादं बटण दोन पिक्सेल सरकलंय म्हणून कोणी थांबत नाही आणि थांबूही नये. डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर हे लिहूनच ठेवलंय, क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस दर्जाचे बग रिलीज अडवतात, बाकीचे पुढच्या वेळी.

आणि अडवणारं काही सापडलं की ते दुरुस्तच करायला पाहिजे असंही नाही, काढून टाकता येतं! पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १५ व्या व्हर्जनचं उदाहरण घ्या. मे २०२२ मध्ये पहिला बीटा (आरसीच्याही आधीचं चाचणी व्हर्जन) आला त्यात एसक्यूएल/जेसनची (जेसन स्वरूपातला डेटा हाताळायची) फीचर्स होती, लोक खूश होते, पण एरर हाताळायच्या पद्धतीबद्दल गंभीर शंका निघाल्या आणि सप्टेंबरमध्ये बीटा ४ ला ती सगळी बाहेर काढली. त्यानंतरच आरसी आला आणि ऑक्टोबरमध्ये फायनल. त्यातलं जेसन_टेबल हे फीचर थेट २०२४ मध्ये पोस्टग्रेस १७ मध्ये आलं. वर्षानुवर्षांची मेहनत बाजूला ठेवायला किती जड जातं ते कोड लिहिणाऱ्याला विचारा, म्हणून मला तरी ‘आरसीला तयार’ ठरवण्याचं हे सगळ्यात प्रामाणिक उदाहरण वाटतं.

तारखेचा मुद्दा अर्धा खरा आहे. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) दोन आठवडे नवीन कोड घेतात आणि ती मुदत संपली की आरसी १ निघतो, बग किती ते न मोजता. पण तिथला आरसी १ म्हणजे इतरांकडचा बीटा समजा, पुढे दर आठवड्याला एक असे साधारण सात-आठ आरसी येतात आणि त्यात मुख्यतः दुरुस्त्याच घेतात. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा आरसी १ आणि कर्नलचा आरसी १ एकाच मापाने मोजले की गोंधळ होणारच, पोस्टमध्ये नेमकं तेच झालंय.

आता आरसी २, ३ म्हणजे फसलं हा मुद्दा. पायथन ३.१३ फायनल १ ऑक्टोबर २०२४ ला यायचं होतं, त्या दिवशी आला आरसी ३, कारण नवीन इन्क्रिमेंटल गार्बेज कलेक्टरमुळे (वापरून झालेली मेमरी थोडीथोडी मोकळी करणाऱ्या भागामुळे) काही प्रोग्रॅम स्लो होतायत असं दिसलं, तो कलेक्टर काढला, आठवडाभर परत तपासलं आणि ७ ऑक्टोबरला फायनल दिलं. आता सांगा, यात फसलं काय? तारीख पाळायची म्हणून तसंच ढकललं असतं तर पुढे कितीजणांचे सर्व्हर रखडले असते.

राहिला फुकटच्या कामाचा मुद्दा, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तोटा आपलाच आहे. मराठीत ‘दऱ्या’ मधला र नीट दिसतोय का, ‘ळ’ सॉर्टिंगमध्ये योग्य जागी येतो का, जोडाक्षराच्या मध्ये बॅकस्पेस मारला की काय उरतं, हे ज्याला मराठी वाचता येत नाही तो कसं पकडणार? लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरचा आरसी रोजच्या व्हर्जनच्या जागी बसतो, म्हणून तो वेगळ्या मशीनवर टाकला की रोजच्या व्हर्जनला धक्का लागत नाही, रोजच्या फाइलची एक कॉपी उघडून बघायला दहा मिनिटं लागतात. आरसीच्या काळात कळवलेला मोठा बग फायनलच्या आधी सुटू शकतो, नंतर कळवला तर पुढच्या पॉइंट रिलीजची (दुरुस्त्यांच्या छोट्या व्हर्जनची) वाट बघत बसावं लागतं.