गुप्तचर, एआय आणि आमची आक्का

गेल्या महिन्यात आमच्या आक्काला (सख्खी आत्या, गिरगावात असते) माझ्याच आवाजात फोन. "आत्या, अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, लगेच चाळीस हजार टाक." तिच्या फोनवर कॉल रेकॉर्ड होतात, नंतर ऐकलं तर मलाच घाम फुटला, डिट्टो मी! आक्काने फक्त एवढंच विचारलं, "मेल्या, तू मला आत्या कधीपासून म्हणायला लागलास?" फोन कट.

चौकीवर गेलो तर साहेब म्हणाले 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) कळवा, एआयने आवाज कुठून बनवला ते आम्हाला कसं कळणार. बरोबरच आहे म्हणा, हवालदाराने काय काय बघायचं.

पण मग हे एआयचं बघायचं कोणी? माझं मत विचाराल तर हे काम गुप्तचर खात्यांचंच. नोव्हेंबर 2025 मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन एआय कंपनीने सांगितलं की चीन सरकारच्या पाठिंब्यावरच्या हॅकर्सनी त्यांचंच क्लॉड नावाचं एआय वापरून तीसेक ठिकाणी घुसायचा प्रयत्न केला, त्यातलं बहुतेक काम एआयनेच केलं, आणि हे पकडलं कोणी, तर कंपनीनेच. उद्या एखाद्या कंपनीने गप्प बसायचं ठरवलं तर? अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने 2023 लाच एआय सिक्युरिटी सेंटर काढलं. ब्रिटनने त्याच वर्षी 'एआय सेफ्टी' नावाची संस्था काढली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सेफ्टीचं सिक्युरिटी केलं. पाटी बदलली यातच काय ते आलं.

आता आपल्याकडे. देशातली गुप्तचर संस्था आयबी 1887 ची, परदेशातलं बघणारी रॉ 1968 ची, आणि दोन्ही संसदेच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या नाहीत. 2011 मध्ये काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी त्यांना कायद्यात बसवायला खासगी विधेयक आणलं होतं, पुढे काही झालं नाही. माहिती अधिकार यांना जवळपास लागू नाहीच, नोव्हेंबर 2023 मध्ये सर्ट-इनलाही (सायबर हल्ल्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) त्यातून बाहेर काढलं. म्हणजे हीच मंडळी एआयवर नजर ठेवणार, हीच एआय वापरून आपल्यावर ठेवणार, आणि विचारायची सोय नाही. तरी मी म्हणतो काम यांनाच द्या, पण संसदेची एक समिती डोक्यावर बसवा, बंद दाराआड का होईना, हिशोब द्यायला लावा.

आणि खरी बोंब वेगळीच आहे, ती मुंबईकराला नव्याने सांगायला नको. 26/11 च्या आधी समुद्रातून हल्ला होऊ शकतो असे इशारे आले होते. आले, फायलीत गेले. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या प्रधान समितीने नंतर हेच लिहिलं की आलेली माहिती नीट हाताळली गेली नाही. कफ परेडच्या बधवार पार्कला ती अतिरेकी पोरं बोटीतून उतरली तेव्हा हटकलं ते कोळ्यांनी! तेव्हा दिल्लीत कितीही भारी सेंटर उघडा, तिथला इशारा गिरगावच्या चौकीपर्यंत कोण आणि किती दिवसांत पोचवणार ते आधी सांगा. त्या साहेबांना नुसतं 'आवाज असा बनवतात, असा ओळखा' एवढं एक पान मिळालं असतं तरी मी गप्प बसलो असतो.

तोवर आक्काने स्वतःचं गुप्तचर खातं उघडलंय. घरातल्या प्रत्येकाला परवलीचा शब्द दिलाय, पैशाचा विषय निघाला की आधी तो सांगायचा. परवा लाईट बिलाचे पैसे मागायला मी फोन केला, शब्द आठवेना, तिने खरंच फोन ठेवला.