त्या घरी नाही जायचं

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. लक्ष्मीपूजन झालं, हॅलोविनही उरकलं. यंदा, २०२४ ला, दोन्ही एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. दाराच्या एका बाजूला रांगोळी, दुसऱ्या बाजूला दात विचकणारा भोपळा. फोटो टाकणार होते. राहू देत फोटो, डोकं फिरलंय.

संध्याकाळी फराळाचा डबा भरला आणि लेकीला म्हटलं, वायरवाल्या आजोबांकडे देऊन ये, मग तशीच पुढे जा चॉकलेटं गोळा करायला. तर वय वर्षं बाराच्या या बाई मला म्हणतात, "आई, मी त्या गार्बेजकडे नाही जाणार."

"काय म्हणालीस?"

"तूच म्हणालीस ना परवा. कचरा. सेम थिंग."

म्हणालेच होते. मंगळवारी रात्री पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला म्हणाले होते, "बरोबरच बोलले की बायडन! कचराच आहेत." पोरगी टेबलावर गणितं सोडवत होती. आपल्याला वाटतं पोरांना मराठी येत नाही. नको तेवढं बरोबर येतं.

सांगली-पुण्याच्या मंडळींसाठी थोडक्यात. रविवारी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ट्रम्प यांची सभा झाली. तिथे एक विनोदवीर पोर्तो रिकोला समुद्रात तरंगणारं कचऱ्याचं बेट म्हणाला. त्यावर मंगळवारी बायडन बोलले, आणि ऐकणाऱ्याला सरळ ट्रम्पचे समर्थक म्हणजे कचरा असंच ऐकू आलं. मग व्हाइट हाउसने खुलासा केला की समर्थकांना नाही, एका समर्थकाच्या बोलण्याला कचरा म्हटलं, आणि लेखी प्रतीत तसा ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे 'च्या' दाखवणारं इंग्रजी चिन्ह, घातला. देशाची निवडणूक पाच दिवसांवर आणि लोक एका चिन्हावर भांडतायत! काल ट्रम्प नारिंगी जाकीट घालून ग्रीन बेला कचऱ्याच्या ट्रकमध्येच जाऊन बसले. त्यांना अशी संधी ताटात वाढून द्यावी लागते का?

आता वायरवाले आजोबा. माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांनी त्यांना आमच्याकडच्या वाढदिवसांना पाहिलंय, पण तरी सांगते.

२०१२ चा ऑक्टोबर. सँडी वादळ आलं तेव्हा लेक दोन महिन्यांची होती. आई बाळंतपणासाठी सांगलीहून आलेली, तिची ही पहिलीच थंडी. वीज गेली ती गेलीच. घर बर्फासारखं गार. आईने नऊवारीवर नवऱ्याचं जाकीट चढवलं होतं आणि बाळाला पोटाशी धरून बसली होती. आम्हाला इथे येऊन जेमतेम सहा महिने झाले होते, शेजाऱ्याशी हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. रात्री दारावर थाप. हा उंच माणूस, हातात बोटाएवढ्या जाड नारिंगी वायरचं भेंडोळं. म्हणाला, तुमच्याकडे बाळ आहे ना? स्वतःच्या जनरेटरपासून आमच्या तळघराच्या खिडकीपर्यंत त्याने वायर ओढली, घरातला छोटा हीटर आणून दिला. चार रात्री. पेट्रोल पंपांवर रांगा होत्या, तरी आमच्याकडून एक डॉलर घेतला नाही. आईला इंग्रजी येस आणि थँक्यू एवढंच. तिने त्यांना डिंकाचा लाडू दिला आणि नाव पाडून टाकलं: वायरवाले.

त्याच नोव्हेंबरात या माणसाने ओबामांना मत दिलं होतं. हो. पेनसिल्व्हेनियातली आमची नॉर्थम्प्टन काउंटीच अशी आहे. दोनदा ओबामा, मग २०१६ ला ट्रम्प, मग २०२० ला बायडन. आजोबा २०१६ ला तिकडे गेले ते परत आलेच नाहीत.

ते बेथलहेम स्टील या पोलादाच्या कंपनीत होते. इथली भट्टी १९९५ ला थंड झाली, पुढे कंपनीच बुडाली, आणि २००३ मध्ये निवृत्त कामगारांचा आरोग्यविमाही गेला. आता त्या जुन्या भट्ट्यांच्या पायथ्याशी गाण्यांचे कार्यक्रम होतात, शेजारी कसिनो आहे. आम्ही तिथे पाहुण्यांना फोटो काढायला नेतो. आजोबा तिकडे कधीच येत नाहीत. म्हणतात, दोन्ही पक्षांचे लोक येऊन त्या भट्टीसमोर फोटो काढून गेले.

म्हणून ट्रम्प? असं तुम्ही विचाराल, मीही विचारते, आणि इथे मला पुन्हा राग येतो. कारण सप्टेंबरातल्या फिलाडेल्फियाच्या त्या ट्रम्प-हॅरिस वादचर्चेनंतर हेच आजोबा कुंपणापाशी मला म्हणाले होते, ओहायोमध्ये ती हैतीहून आलेली माणसं खरंच लोकांची कुत्री-मांजरं खातात म्हणे. तिथल्या स्प्रिंगफील्डच्या शाळांना त्यानंतर बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. मी म्हटलं, मीसुद्धा बाहेरूनच आलेय. तर म्हणाले, "तुझं वेगळं आहे." म्हणजे काय वेगळं? मी त्यांच्या ओळखीची, एवढंच ना? त्या दिवसापासून मी कुंपणापाशी जाणं टाळलं. दीड महिना. वायरवाले आजोबा माझ्या तोंडी "तो शेजारचा" झाले. पोरीने हेही ऐकलं असणार.

थांबा, "दोन्ही बाजू सारख्याच" असं मी म्हणत नाहीये. स्वतःच्या देशातल्या विरोधकांना 'व्हर्मिन', म्हणजे घुशी-उंदरांसारखी कीड म्हणणारा, त्यांना आतले शत्रू म्हणणारा माणूस एकच आहे, आणि ६ जानेवारी २०२१ चा संसदेवरचा हल्ला आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. मी माझी मतपत्रिका दोन पाकिटांत घालून केव्हाच पाठवली, आणि ती कुणाला गेली हे माझ्या मित्रयादीत सांगायची गरज नाही. पोर्तो रिकोचे लोक ॲलनटाउनमध्ये खंडीभर आहेत, माझ्या नेहमीच्या दुकानातली गल्ल्यावरची बाई त्यांतलीच. सोमवारी तिच्याकडे बघवत नव्हतं. तो विनोद घाणेरडाच होता.

पण मग मी पोळ्या लाटताना काय केलं?

हे सगळं ठरवून चालतं, हो. १९९० मध्ये रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांच्या गोपॅक संघटनेने उमेदवारांना शब्दांची यादीच वाटली होती. विरोधकांबद्दल बोलताना वापरायचे शब्द: आजारी, भ्रष्ट, गद्दार. (गद्दार हा शब्द महाराष्ट्रातल्या मंडळींना समजावून सांगायला नकोच. तुमचंही मतदान २० नोव्हेंबरला आहे, आणि आमचा आत्ये-मामे भावंडांचा ग्रुप दोन वर्षांपासून फक्त वाढदिवसाला बोलतो.) यादी त्यांनी काढली, मान्य. पण २०१६ मध्ये हिलरीबाईंनी निम्म्या ट्रम्पसमर्थकांना 'डिप्लोरेबल्स', म्हणजे धिक्कार करण्यासारखे, म्हणून एका टोपलीत टाकलं, तेव्हा मी हसले होते. लोकांनी तोच शब्द टी-शर्टवर छापून घेतला. शिवीचा झेंडा होतो आणि आपल्याला वाटतं आपण जिंकलो.

आणि कृपया मॅकेन यांची, म्हणजे ओबामांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्ध्याची, २००८ ची ती क्लिप पाठवू नका. हो, त्यांनी बाईच्या हातून माइक घेतला आणि ओबामा सभ्य गृहस्थ आहेत, माझे फक्त मतभेद आहेत, असं सांगितलं. छानच. त्यांच्याच सभेतले लोक त्यांच्यावरच ओरडले होते, तेही बघा.

पेनसिल्व्हेनियात राहणं म्हणजे काय ते न्यूजर्सीवाल्यांना कळायचं नाही. आमची १९ इलेक्टोरल मतं, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी राज्याची मतं. २०१६ ला राज्य ४४ हजारांच्या आसपास फरकाने फिरलं, २०२० ला ८० हजारांच्या. म्हणून सगळा पैसा आमच्या टपालपेटीत ओतलाय. रोज गुळगुळीत कागदांचा गठ्ठा, प्रत्येकावर कुणाचा तरी वाकडा, काळा केलेला चेहरा. टीव्ही लावला की तेच. माझं मत फिरवायला नाहीच ते, मला चिडवून बाहेर काढायला आहे. गंमत म्हणजे मी मत देऊन मोकळी झाले तरी चिड काही कमी होत नाही. ती मग पोळपाटावर निघते.

आपल्या मंडळाच्या ग्रुपवर परवा कुणीतरी लिहिलं, "ज्यांच्या अंगणात ती ट्रम्पची पाटी आहे त्यांना फराळ देऊ नका." वर चाळीस अंगठे. एक माझा होता. आज जाऊन काढला. अंगठा काढल्याचं ग्रुपवर कुणाला कळतही नसेल, पण काढला.

तर डबा घेऊन मीच गेले. आजोबा दारात खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर चॉकलेटांचं भांडं, अंगात शिकारीचं नारिंगी जाकीट. मला बघून छातीवर थाप मारून म्हणाले, "बघ, मी कचरा!" आणि खो खो हसले. मला हसू येईना. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, तुला नाही गं म्हणत.

मी म्हटलं, मला माहितीये.

अंगणातली पाटी आमच्या मध्येच होती. चकल्या कुठल्या आणि करंज्या कुठल्या ते सांगितलं. चकलीला ते अजून "काटेरी" म्हणतात, आईकडून शिकलेला एकच शब्द. आईची चौकशी केली. मग म्हणाले, पोरगी कुठेय? मी म्हटलं, पोट दुखतंय तिचं. धडधडीत खोटं, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. ते आत गेले आणि एक वेगळी बांधलेली पिशवी घेऊन आले. वर तिचं नाव. तिला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे म्हणून दरवर्षी ते तिची चॉकलेटं बाजूला निवडून ठेवतात, हे मी विसरूनच गेले होते.

घरी येऊन पिशवी तिच्या टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं का मी का नाही आले?" मी म्हटलं, पोट दुखतंय असं सांगितलं. "मग उद्या विचारतील ना, बरंय का म्हणून." म्हटलं, विचारतील. "मग मी काय सांगू?"

मी म्हटलं, झोप आता. पण तीसुद्धा जागीच आहे, दाराखालून उजेड दिसतोय.