भाड्याचा पोशाख आणि वारीतली नऊवारी

आषाढी जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी एकच भांडण पेटतं, हौशी वारकऱ्यांचं. म्हणजे पुण्याहून सासवडपर्यंत एकच दिवस चालणारे, नऊवारी, नथ, डोक्यावर तुळस, दिवेघाटात रील आणि संध्याकाळी कॅबने घरी. आमचा मावसदादा या मंडळींवर भयंकर चिडतो. यंदा नेमका त्याच सुमाराला मी जपानमधल्या कुमानो या जुन्या तीर्थक्षेत्रातल्या दाइमोन-झाकावरचा माझा फोटो ग्रुपवर टाकला, जुन्या जपानी यात्रेकरूच्या पूर्ण वेशातला, आणि दादाचा मेसेज आला, "तिकडे तू नटलीस की हेरिटेज, इकडे आमच्या पोरींनी नऊवारी नेसली की नौटंकी?" आता नौटंकी हा शब्द त्याचाच, पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाइमोन-झाका म्हणजे कुमानोतल्या नाचीच्या देवळाकडे चढणारी जुनी दगडी वाट, साधारण सहाशे मीटर, २६७ पायऱ्या, दोन्ही बाजूंना प्रचंड सीडरची झाडं, सुरुवातीलाच नवरा-बायको म्हणतात ती जोडी, आठशे वर्षांची. ओसाकाहून ट्रेनने चारेक तास आणि मग बस. पायथ्याच्या चहाच्या दुकानात हेइआन काळातला, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचा पोशाख भाड्याने मिळतो, तासाच्या हिशेबाने. दुकानातल्या आज्जींनी झगा चढवला, कमरेपाशी वर खोचून दोरीने आवळला कारण खाली लोळला तर पाय अडकतो (आपला काष्टा आठवला, अगदी तेच डोकं), छातीवरून लाल पट्टा, आणि वर रुंद गवती टोपी जिच्या कडेने चहूकडून पातळ पडदा सोडलेला. त्या पडद्यातून समोरची पायरी नीट दिसतच नाही, पायऱ्या एकसारख्या नाहीत, वर शेवाळं, त्यात जूनचा पाऊस, त्यामुळे दर दोन पायऱ्यांना पडदा बाजूला धरायचा, पाय चाचपायचा, मग वजन टाकायचं. ट्रेकिंगच्या बुटांत मी हीच वाट फोनवर बोलत चढून गेले असते. पोशाखाने मला भक्त वगैरे केलं नाही, पण गप्प आणि हळू नक्की केलं. वरून उतरणारी म्हातारी माणसं थांबून "छान दिसतंय" म्हणत होती, परदेशी बाई आपले कपडे घालून मिरवतेय म्हणून कुणाचं नाक मुरडलेलं निदान मला तरी दिसलं नाही.

पण एक गोष्ट भाड्याच्या दुकानात कुणी सांगत नाही. हा पोशाख दरबारी घरच्या बायकांचा. क्योतोहून निवृत्त सम्राट लवाजमा घेऊन इथे यायचे, गो-शिराकावा तर तीसहून जास्त वेळा आला, जाऊन-येऊन महिनाभराची यात्रा. नंतर साधी माणसं इतकी लोटली की मुंग्यांची रांग म्हणायची पद्धत पडली. त्या मुंग्यांचे ठिगळांचे कपडे भाड्याने मिळत नाहीत, मिळाले तरी कुणी घेणार नाही. आपल्या वारीचं उलटं आहे, तिथला वेश मुळातच शेतकऱ्याचा, आणि शहरातली आयटीवाली पोरगी एक दिवस का होईना तो चढवते. यात हसण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाही. टाळकऱ्यांच्या मधे ट्रायपॉड रोवून दिंडी अडवली तर खुशाल ओरडा, तिथे मी दादाच्या बाजूने.

माझा राग दुसरीकडे आहे. कुमानोची ख्याती अशी की गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, विटाळ काही न बघता हा देव सगळ्यांना घेतो. इझुमी शिकिबू नावाच्या कवयित्रीची दंतकथा सांगतात, देऊळ नजरेच्या टप्प्यात आलं आणि तिची पाळी आली, ती खट्टू झाली, तर स्वप्नात देवानेच सांगितलं की ये, मला काही फरक पडत नाही. दंतकथाच, पण लोकांनी जपून ठेवली ती ही. आणि आपल्याकडे? तुळजापूरला २०२३ मध्ये तोकड्या कपड्यांवर बंदीचा बोर्ड लागला आणि ओरडा झाल्यावर त्याच दिवशी उतरला, २०२५ मध्ये सिद्धिविनायकाने ड्रेस कोड जाहीर केला, तेव्हा आमच्याच ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी. गंमत म्हणजे वारीत पोरी नटतात म्हणून चिडणारे आणि देवळात नीट नटून या म्हणणारे लोक बहुतेक तेच. कपड्यांवरून भक्ती मोजणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय की गळ्यात माळ, हातात टाळ, सगळं नियमात असूनसुद्धा दलितांना पंढरपूरच्या देवळात शिरता येत नव्हतं, त्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कोणता ड्रेस चुकला होता?

लगेच "बघा, जपानकडून शिका" असं फॉरवर्ड करू नका मात्र. नाचीच्या धबधब्याला, जो स्वतःच देव मानतात, जवळून बघायला वेगळं तिकीट आहेच, म्हणजे व्हीआयपी दर्शनाची आयडिया तिकडेही पोचलीय. आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत कुमानोच्या वाटा गेल्या त्याच नोंदीत नारा प्रांतातला ओमिने डोंगरही आहे. तिथे वाटेवर लाकडी फाटक आहे आणि बायकांनी पुढे यायचं नाही अशी पाटी, आजही. शनिशिंगणापूरचा चौथरा तरी कोर्टाच्या दणक्यानंतर २०१६ मध्ये उघडला, हे फाटक अजून तसंच आहे. मी तोच झगा, तीच टोपी, तोच पडदा सगळं काटेकोर घालून गेले तरी त्या पाटीपाशी थांबणार, आणि माझा नवरा ट्रेकिंगच्या हाफ पँटवर पुढे निघून जाणार.