माशी कुठे शिंकली

सुट्टी घेऊन माणसं ऊन शोधायला जातात. मी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कंबरभर थंड पाण्यात उभं राहायला गेलो होतो, आणि त्यासाठी रीतसर परवाना काढला होता. नुसत्या परवान्यावर भागत नाही. वेगळे पैसे भरून, पकडून ठेवलेल्या माशांची नोंद करायचं कार्डही घ्यावं लागतं. त्यावर रकाने बरेच असतात. माझं कार्ड मी अजून जपून ठेवलंय. कोरं असल्यामुळे ते खराबही झालेलं नाही.

"म्हणजे इतक्या लांब जाऊन तू माश्या मारणार," बायको म्हणाली.

"माश्या मारत नाहीत. माशीने मासा धरतात."

"बरं. मी गाडीत पुस्तक वाचत बसेन."

फ्लाय फिशिंगमधली माशी म्हणजे हुकाला पिसं, लोकर आणि काहीबाही चकचकीत बांधून केलेला खोटा जीव. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एका रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मॅसेडोनियातले लोक हुकाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत. काठी सहा फुटांची, दोरी तेवढीच. त्यांना मासे मिळत. पुढे माणसाने प्रगती केली, काठी १३ फुटांची आणि कार्बनची झाली, आणि मी या खेळात आलो.

मी ज्याच्या मागे होतो तो स्टीलहेड. जातीने हा रेनबो ट्राउटच, पण तारुण्यात समुद्रावर गेलेला आणि अंगापिंडाने भरून अंडी घालायला परत नदीत आलेला. याचं लाडकं नाव 'हजार फेकींचा मासा'. मला हे नाव आधी कौतुकाचं वाटलं होतं. ती धोक्याची सूचना आहे हे साडेतीनशेच्या आसपास मोजणी चुकली आणि पुन्हा एकपासून सुरू करावी लागली तेव्हा कळलं. त्यात नदीत परतलेला स्टीलहेड फारसं खातच नाही. समोरून काहीतरी भडक पिसारा हलवत गेलं की चिडून चावतो, असं जाणकार सांगतात. थोडक्यात, माझा सगळा डोलारा त्याच्या भुकेवर नव्हे, रागावर उभा होता.

"माणसांना चिडवायला तुला अर्धं मिनिट पुरतं," बायको म्हणाली. "माशाच्या बाबतीत एवढं काय अडतंय?"

आता वेडर्सबद्दल. ही छातीपर्यंत येणारी, मोजे जोडलेली, पाणी आत न येऊ देणारी तुमान. आत गरम कपड्यांचे दोन थर, पायांत लोकरी मोजे, मग वेडर्स, खांद्यांवर तिचे पट्टे, त्यावर स्वेटर, त्यावर रेनकोट, खाली शेवाळावर न घसरणारे खिळ्यांचे बूट, आणि कमरेला घट्ट पट्टा. हा पट्टा शोभेचा नाही. पडलात तर वेडर्समध्ये पाणी भरू नये म्हणून असतो, आणि तो बांधणारा माणूस आपण पडणार हे मनातून मान्य करून बसलेला असतो. हा सोहळा अर्धा तास चालतो. शेवटची नाडी आवळून ताठ उभं राहिलं की बरोबर त्या क्षणी शरीराला एक जुनं, तातडीचं काम आठवतं. मग सगळं उलट्या क्रमाने.

पहिले दोन दिवस नदी गढूळ होती. इथल्या नद्यांची उगमापासून समुद्रापर्यंतची वाट तशी छोटी. रात्री डोंगरात पाऊस कोसळला की सकाळी नदी लाल माती घेऊन दोन्ही तीरांवर धावते. मग ती उतरू लागते, पाणी हळूहळू हिरवट होतं, आणि त्या हिरव्या रंगाला मासेमार माशाचंच नाव देतात. उतरत्या पाण्यात चढता मासा, असं गणित. पुढे बरेच दिवस पाऊस पडलाच नाही तर पाणी इतकं नितळ होतं की माशाला तुमच्या बुटाचा नंबर वाचता यावा. अधली मधली वेळ साधायची. इथल्या टिलामूकच्या उपसागराला पाच नद्या मिळतात: मियामी, किल्चिस, विल्सन, ट्रास्क आणि टिलामूक. मी रात्रभर फोनवर त्यांची पातळी बघत असे. आजारी माणसाचा ताप बघतात तशी.

"आज कुठे शिंकली माशी?" बायको संध्याकाळी विचारायची.

"पाणी चढलंय."

नदी गढूळ असेल तर समुद्रावर जावं, तिथे सर्फपर्च नावाचे मासे मिळतात, असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्याने एवढंच सांगितलं नाही की ज्या वादळाने नदी गढूळ केली त्याचा मुक्काम अजून समुद्रावरच आहे. किनाऱ्यावर पाटी होती: समुद्राकडे कधीही पाठ करू नका. इथे मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर येऊन जाते. आणि मला शिकवलेलं काय, तर दोरी मागे पूर्ण उलगडली का ते खांद्यावरून वळून बघा, मगच पुढे फेका. या खेळात शिशाचं वजन नसतं. दोरीच जाड असते आणि तिच्याच वजनाने माशी पुढे जाते. त्यामुळे मागची फेक फसली की पुढचीही फसते. मी मागे वळून बघितलं. दोरी सुरेख उलगडली होती. इतकी सुरेख फेक मी पुन्हा केली नाही. पुढे बघेपर्यंत लाट छातीवर होती. पट्ट्याने आपलं काम चोख केलं: वरून आत शिरलेलं पाणी त्याने खाली पायांकडे जाऊच दिलं नाही. सगळं पोटापाशी धरून ठेवलं.

ओढून घेतलेली दोरी लाटेत वाहून जाऊ नये म्हणून कमरेला एक टोपली बांधतात. तिच्यात आता शेवाळ, वाळू आणि दोरीचा असा गुंता झाला होता की तो सोडवायला एखाद्या निवृत्त न्यायाधीशाची गरज होती. शेजारी एक म्हातारबाबा साध्या रॉडला वाळूतले खेकडे लावून एकामागून एक मासे काढत होते. हे मासे अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लांना जन्म देतात, अशी माहिती त्यांनी प्रेमाने दिली. मी मान डोलावली. माझे दात वाजत असल्यामुळे ती तशीही डोलतच होती.

त्या रात्री वेडर्स हॉटेलच्या न्हाणीघरात टांगली. दोन वाजता बायकोची किंकाळी ऐकू आली. अंधारात तिला आत कुणीतरी बिनडोक्याचा माणूस उभा दिसला. "नुसती तुमान आहे," मी सांगितलं. "तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सगळ्यात आधी नितळणारी किल्चिस नितळली. ही बातमी माझ्याआधी सगळ्या जिल्ह्याला कळली होती. गर्दी, हे शिंकण्याचं कारण मी आनंदाने मान्य केलं.

पाचवा दिवस मात्र घातकी निघाला. वारा पडलेला. आकाश एकसारखं राखाडी, म्हणजे पाण्यावर ऊन चमकायचाही प्रश्न नाही. विल्सन उतरत होती, अगदी त्या नावाजलेल्या हिरव्या रंगाची. काठावर कुणीही नाही. बधिर बोटांनी गाठ बांधली, तीही पहिल्याच फटक्यात. पाण्यात उतरताना मला मनातून भीती वाटली. इतके दिवस अंगण वाकडं होतं. आज ते कुणीतरी येऊन सरळ करून गेलं होतं.

फेक, दोरी प्रवाहात तिरकी फिरू द्यायची, दोन पावलं खाली, पुन्हा फेक. अडीच तास. आणि मग ते जुनं काम आठवलं.

काठाशी आलो. रॉड काखेत धरला. माशी खाली प्रवाहात लोंबकळत होती, ती तशीच राहू दिली. रेनकोट काढला. पट्टा सोडला. स्वेटर डोक्यातून अर्धा निघाला होता, खांद्यांवरचे पट्टे कोपरात अडकले होते, दोन्ही हात वर आणि डोळ्यांपुढे लोकर, तेव्हा दोरीला हिसका बसला आणि रीळ किंचाळलं.

पाण्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मोठा आवाज. मी मासा पाहिलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. स्वेटरमधून अंदाज येतो तेवढाच आला. डोकं बाहेर काढलं तोवर दोरी सैल झाली होती, वेडर्स गुडघ्यांवर होत्या आणि नदी पूर्वीसारखी हिरवीगार वाहत होती. माशीही गेली होती.

गाडीत बायकोने पुस्तकातून वर न बघता विचारलं, "आज कुठे शिंकली?"

मी आकाशाकडे बघितलं. वाऱ्याचा अंदाज घेतला. नदीकडे बघितलं.

"पाणी," मी म्हटलं, "जरा जास्तच चांगलं होतं."