फ्लीसच्या जॅकेटनं कॅन्सर होतो? त्या मेसेजचा एकेक मुद्दा

गेल्या आठवड्यात दुकानाचं शटर वर करायला गेलो तर एक बाई पायरीवर बसलेल्या. हातात आमच्याच दुकानाची पिशवी, आत पोराचं निळं जॅकेट, घडीसुद्धा मोडलेली नाही. "भाऊ, हे परत घ्या. ग्रुपवर आलंय, ह्यानं लेकराला कॅन्सर होतो म्हणायलेत."

त्यांनी मोबाईल पुढे केला. तोच मेसेज संध्याकाळपर्यंत मलाही चार ग्रुपवर आला. थोडक्यात असा: फ्लीस म्हणजे कचऱ्यातल्या बाटल्यांचं विषारी प्लास्टिक, चीननं आपल्या गळ्यात मारलेलं नवं थेर, त्वचेचा श्वास कोंडतो, त्यातून कॅन्सर होतो, अंधारात ठिणग्या दिसतात ती वीज हृदयात जाते, त्यात ऊब नसतेच, नुसता भास, आपली घोंगडी आणि सुती गोधडी हेच खरं. शेवटी नेहमीचंच, दहा जणांना पाठवा.

आधी माझं सांगतो. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं रेडीमेडचं दुकान आहे आणि थंडीचे दोन महिने फ्लीसवर बरंच भागतं. तेव्हा माझं बोलणं तेवढं वजा करूनच वाचा. पण घाबरायच्या ज्या दोन गोष्टी खरोखर आहेत, त्यांचं मेसेजमध्ये नावही नाही. म्हणून लिहायला बसलो.

"चीनचं नवं थेर." हे कापड 1979 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माल्डन मिल्स या गिरणीनं काढलं. फ्लीस हा शब्द मुळात मेंढीच्या अंगावरच्या लोकरीचा, आणि इथंच दुकानदारांचीही लबाडी सुरू होते. "लोकरीचं आहे" म्हणून फ्लीस सर्रास विकलं जातं. कॉलरच्या आतली पट्टी वाचा, शंभर टक्के पॉलिस्टर लिहिलेलं असतं. पट्टी नसेल तर मी गिऱ्हाईकासमोर एक दोरा उपसतो आणि ताटलीवर काडीनं पेटवतो. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि उरतं ते बोटात चुरगळतं. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख होते. पॉलिस्टर आखडतं, वितळतं आणि टोकाला मोहरीएवढा कडक काळा मणी उरतो. हा मणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

"बाटल्यांचं विषारी प्लास्टिक." अर्धं बरोबर. पाण्याची बाटली आणि पॉलिस्टरचा धागा रसायन म्हणून एकच, पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. बाटल्या धुऊन त्यांचा चुरा करतात, वितळवून बारीक भोकांतून धागा काढतात, तो विणून कापड ब्रशनं खरवडून फुलवतात. 1993 पासून पॅटागोनिया ही कंपनी असं फ्लीस विकते आहे. मात्र सगळंच फ्लीस बाटल्यांचं नसतं. बरंचसं थेट पेट्रोलियमपासून बनलेल्या नव्या पॉलिस्टरचं असतं. राहिला विषाचा प्रश्न. हे पॉलिस्टर 1941 मध्ये ब्रिटनमध्ये शोधलं गेलं, टेरिलिन नावानं. तुमच्या आजोबांनी लग्नात ऐटीत घातलेला टेरिकॉटचा शर्ट आठवा. त्यात हेच होतं, सुताबरोबर. पोरांच्या शाळेच्या गणवेशातही आहे. मेसेज पाठवणाऱ्यानं आधी स्वतःच्या पँटची पट्टी बघावी.

"त्वचेचा श्वास कोंडतो, कॅन्सर होतो." माणूस फुप्फुसांनी श्वास घेतो. पॉलिस्टर अंगावर घातल्यानं कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. खरी कटकट घामाची आहे. पॉलिस्टरचा धागा हवेतला ओलावा जेमतेम 0.4 टक्के धरतो, सूत 8 टक्क्यांच्या आसपास, लोकर 16 च्या. म्हणून फ्लीस लगेच वाळतं, पण उघड्या अंगावर घातलं तर घाम शोषत नाही, आणि सुतापेक्षा वासही जास्त धरतं. ज्यांची त्वचा थंडीत उलते, त्यांना खाजही येते. उपाय साधा, आत सुती बनियन.

"ठिणग्या हृदयात जातात." थंडीत आपल्याकडची हवा ठणठणीत कोरडी असते, पॉलिस्टरमध्ये ओलावा नसतो, म्हणून घासल्यानं साचलेला विद्युतभार निघून जात नाही. जॅकेट डोक्यावरून काढताना तो तडतडतो. व्होल्ट हजारांत असले तरी भार इतका थोडा की क्षणात संपतो. दचकण्यापलीकडे काही होत नाही. नायलॉनची साडी सोडताना आमच्या आईलाही हेच चटके बसायचे. पेट्रोल भरताना मात्र जॅकेट काढघाल करू नका.

"ऊब नसते, भास होतो." ऊब कुठलंच कापड तयार करत नाही, ती आपल्या अंगाची असते. कापड फक्त तिला धरून ठेवतं, तेही पोटात अडकवलेल्या हवेच्या जोरावर. खरवडून फुलवलेल्या फ्लीसमध्ये ही हवा भरपूर मावते, म्हणून हलकं असूनही ते गरम वाटतं. मग हा मेसेज लिहिणाऱ्याला भास का झाला असेल? माझा अंदाज, तो मोटारसायकलवर होता. फ्लीसमधून वारं सरळ आरपार जातं. पहाटे साडेपाचला परभणी-जिंतूर रस्त्यावर पन्नासच्या स्पीडनं गाडी चालवून बघा, फ्लीस अंगावर आहे की नाही कळत नाही. अडकलेली हवाच वारं घेऊन जातं. वरून साधं रेक्झिनचं जर्किन चढवा, तेच फ्लीस आत मस्त काम करतं. जर्किन नसेल तर जुनी युक्ती आहे, छातीवर पेपरची घडी आणि वरून चेन. माझे वडील तसेच जायचे, उतरल्यावर पेपर वाचायचे.

आपल्या थंडीला एक सोय मात्र फ्लीसमध्येच आहे. परभणीला पहाटे पारा दहाच्या खाली आणि दुपारी अठ्ठावीसच्या वर, हे एकाच दिवसात होतं. सकाळी घातलेलं अकरा वाजता काढून गाडीच्या डिकीत कोंबता आलं पाहिजे. घोंगडी कोंबून दाखवा.

"घोंगडी आणि सूतच खरं." घोंगडीबद्दल वाद नाही. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ, पावसाची भुरभुर वरच्या वर झटकून टाकावी. पण ती जड आहे, टोचते, आणि शाळेच्या पोराच्या अंगावर टिकत नाही. सुताचं म्हणाल तर झोपताना गोधडीसारखं सुख नाही, मीही तीच घेतो. पण सूत ओलं झालं की तासन्‌तास गार लागतं. रात्रीची लाईट असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्याला विचारा. बाही भिजली तर फ्लीस पिळून झटकलं की चालतं, सुती शर्ट पहाटेपर्यंत अंगाला चिकटून बसतो.

आणि नेमक्या त्याच माणसाबद्दल मेसेज गप्प आहे. पाणी देऊन झालं की बांधावर पऱ्हाट्यांची, तुराट्यांची शेकोटी पेटते. तुराटी तडतडते, ठिणगी उडते. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक जॅकेट बदलून मागायला आलं, "कापड खराब निघालं". पोटावर सहा-सात भोकं, प्रत्येकाच्या कडेला तोच काळा कडक मणी. पॉलिस्टर 250 ते 260 अंशांना वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. फुललेल्या केसांवरून ज्योत भरभर पसरूही शकते. सुती कपडाही पेट घेतो, त्यामुळे सुतात निर्धास्त राहू नका; पण ते असं वितळून चिकटत नाही. या एका बाबतीत घोंगडी सगळ्यांच्या वर. लोकर सहजासहजी पेटत नाही, पेटली तरी बहुतेकदा आपोआप विझते. शेकोटीजवळ किंवा चुलीपुढे फ्लीस काढून ठेवा. भाजलंच तर चिकटलेलं कापड ओढून काढू नका, वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट लावायची नाही.

दुसरी गोष्ट धुण्याची. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका धुण्यात एका कपड्यातून 1900 हून जास्त तंतू सुटू शकतात असं आढळलं होतं. पॉलिस्टरचे हे तंतू कुजत नाहीत. तुमच्या बादलीतलं पाणी नालीत जातं, नाली ओढ्याला, ओढा कुठं ना कुठं दुधना-पूर्णेला, आणि दोन्ही पुढे गोदावरीला. इथं फ्लीसचा बचाव करायला माझ्याकडे काही नाही. इतकंच करता येतं की ते कमी धुवावं. आपल्याला तशीही सवय आहे, 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आत बनियन असेल तर जॅकेट पंधरा दिवसांनी धुतलं तरी चालतं. धुताना उलटं करा, गार पाणी घ्या, ब्रश मारू नका. दगडावर धोपटलं की बुरही लवकर येतात, आणि मग गिऱ्हाईक मला शिव्या देतं.

हे सगळं त्या बाईंना मी इतकं सविस्तर सांगितलं नाही. दोरा जाळून दाखवला, शेकोटीचं आणि चुलीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग घालू का नको?" मी जॅकेट परत घेतलं आणि त्याच रंगाचं एक नंबर मोठं दिलं, आत बनियन मावायला पाहिजे म्हणून.